बर्कचा संताप

राजकारणातल्या 'कॉन्झर्व्हेटिव्ह' माणसाला मराठीत नेमकं काय म्हणावं, हा प्रश्न मला बरेचदा पडतो. 'सनातनी' म्हटलं की डोळ्यांपुढे शेंडी-जानवं येतं. 'पुराणमतवादी' ही तर जवळजवळ शिवीच. 'परंपरावादी' त्यातल्या त्यात बरा शब्द, पण तोही निम्माच अर्थ सांगतो. कारण इंग्रजीत त्या शब्दाबरोबर मतांइतकाच एक स्वभावही गृहीत धरलेला असतो. हा माणूस घाई करत नाही, आवाज चढवत नाही. तुमचं सगळं ऐकून घेतो आणि मग म्हणतो, "ठीक आहे, पण जरा थांबून बघू या." मायकेल ओकशॉट या इंग्रज विचारवंताने १९५६ साली एका व्याख्यानात हेच मांडलं होतं. कॉन्झर्व्हेटिव्ह असणं म्हणजे अमुक सिद्धांत मानणं नव्हे, ती एक वृत्ती आहे, असं त्याचं म्हणणं. हाताशी जे आहे त्यात रमणारी, अनोळखीपेक्षा ओळखीच्या गोष्टीवर जीव लावणारी वृत्ती.

आता गंमत बघा. या विचाराचा आद्यपुरुष म्हणून ज्याचं नाव घेतात, तो एडमंड बर्क, वादात उतरला की यातलं काहीच पाळत नसे. तो चिडायचा, ओरडायचा, तासन्‌तास बोलायचा आणि कधीकधी रडायचासुद्धा. विवेक आणि संयम हे राजकारणातले सर्वांत मोठे गुण आहेत हे ज्याने जगाला शिकवलं, त्याच्यापाशी भर सभेत संयम फारच थोडा होता. ही विसंगती माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळते आहे, म्हणून आज लिहायला बसलो.

आधी थोडी ओळख. बर्कचा जन्म १७२९ सालचा, डब्लिनचा. म्हणजे इंग्लंडच्या राजकारणात तो बाहेरचाच. आई कॅथलिक (त्या काळी ही फार मोठी अडचण), घराणं साधं, बोलण्यात आयरिश हेल, आणि तो हेल शेवटपर्यंत गेला नाही. १७६५ च्या डिसेंबरात तो पार्लमेंटवर निवडून गेला आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं तिथेच होता. पण कॅबिनेटमध्ये कधीच नव्हता. आणखी एक लक्षात ठेवायला हवं, तो स्वतःला 'कॉन्झर्व्हेटिव्ह' म्हणवत नव्हता. हा शब्द राजकीय पक्षासाठी रूढ झाला तो १८३० च्या दशकात. बर्क होता व्हिग, म्हणजे राजाच्या सत्तेला वेसण घालू पाहणाऱ्या पक्षाचा. आपण त्याला आद्यपुरुष म्हणतो ते मागे वळून बघताना.

डॉ. जॉन्सनला तर तुम्ही ओळखताच, तो शब्दकोशवाला. तो पक्का टोरी, म्हणजे बर्कच्या विरुद्ध पक्षाचा. पण बर्कबद्दल तो म्हणायचा की पाऊस आला म्हणून एखादा अनोळखी माणूस बर्कबरोबर घटकाभर आडोशाला उभा राहिला, तरी निघताना तो म्हणेल की हा कोणीतरी असामान्य माणूस होता. दोघांची मैत्री जॉन्सनच्या मृत्यूपर्यंत टिकली. राजकारणात मतं जुळत नव्हती, मग तो विषय टाळून बाकी सगळ्यावर बोलायचं, असा जणू अलिखित करारच होता.

घरी आणि खाजगीत बर्क कसा होता? तर अत्यंत उदार आणि लोभस. १७८१ साली जॉर्ज क्रॅब नावाच्या एका कफल्लक तरुणाने त्याला पत्र लिहिलं. ना ओळख ना पाळख. बर्कने त्याच्या कविता वाचल्या, त्याला घरी ठेवून घेतलं, प्रकाशक मिळवून दिला. क्रॅब पुढे नावाजलेला कवी झाला. आणि हे सगळं बर्क स्वतः कर्जात असताना! बीकन्सफील्डजवळची त्याची इस्टेट उधारीच्या पैशावर घेतलेली होती आणि ते ओझं त्याला जन्मभर पुरलं.

त्याच्या आदल्याच वर्षी, जून १७८० मध्ये, लंडनमध्ये कॅथलिकांविरुद्ध भयानक दंगल उसळली होती. गॉर्डन दंगल म्हणतात तिला. कॅथलिकांवरची बंधनं सैल करावीत या मताचा म्हणून बर्कवर जमावाचा राग होता, त्याच्या घरालाही धोका होता. दंगल शमली आणि फाशीच्या शिक्षा सुरू झाल्या. तेव्हा बर्कने सरकारला लिहून काय कळवलं? तर फाशी शक्य तितक्या कमी द्या. एवढ्यांना लटकवून कायद्याचा धाक वाढत नाही, लोकांची मनं तेवढी निबर होतात. ज्यांनी त्याचं घर पेटवलं असतं, त्यांच्यासाठी हा माणूस दया मागत होता.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. १७८१ सालीच राघोबादादांनी आपले वकील लंडनला पाठवले होते. एक हनुमंतराव नावाचे ब्राह्मण, आणि सोबत पारशी बाप-लेक. इकडे इंग्रज-मराठे युद्ध चालू होतं आणि दादांना इंग्रजांची मदत हवी होती. परक्या मुलुखात या मंडळींचे हाल चालले होते. सोवळं-ओवळं, स्वैपाक, स्नानसंध्या, काहीच धड जमेना. बर्क तेव्हा कंपनीच्या कारभाराची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीवर होता. त्याला हे कळलं तेव्हा तो त्यांना आपल्या घरी घेऊन गेला आणि झाडांसाठी बांधलेलं बागेतलं काचघर त्यांना राहायला दिलं. तिथे हनुमंतरावांना आपलं आपण शिजवून जेवता येई, पूजाअर्चा करता येई. पुढे बर्कने खुद्द राघोबादादांना पत्रही लिहिलं. अठराव्या शतकातला एक इंग्रज खासदार, त्याच्या बागेतलं काचघर आणि त्यात एक मराठी ब्राह्मण सोवळ्याने भात शिजवतोय... मला हे चित्र फार आवडतं. परक्याच्या रीतीभातींना हसायचं नाही, त्यांना जागा करून द्यायची. परंपरा जपण्याच्या विचाराचं याहून चांगलं प्रात्यक्षिक कोणतं?

पण हाच माणूस सभागृहात उभा राहिला की वेगळाच होई. त्याला टोपणनाव पडलं होतं 'जेवणाची घंटा'. बर्क बोलायला उठला की बाकीचे सभासद जेवायला उठत! आज त्याची जी भाषणं आपण पुस्तकात वाचून थक्क होतो, त्यांतली बरीचशी पेंगुळलेल्या किंवा अर्ध्या रिकाम्या बाकांपुढे झालेली आहेत. तो विषय सोडायचाच नाही. समोरच्याचं मत चुकीचं आहे एवढ्यावर त्याचं भागत नसे. ते मत मानणाऱ्याचं चारित्र्यही त्याला काढायचं असे.

१७८८ च्या अखेरीस राजा तिसरा जॉर्ज याला वेडाचा झटका आला. कारभार कोणी बघायचा यावर वाद चालू असताना बर्क बोलून गेला की परमेश्वरानेच त्याला सिंहासनावरून खाली भिरकावलं आहे. एका आजारी माणसाबद्दल हे असं! त्याच्या स्वतःच्या पक्षातल्या लोकांनीही माना खाली घातल्या. शिवाय काही आठवड्यांत राजा बरा झाला, ते वेगळंच.

वॉरन हेस्टिंग्जच्या खटल्यातही तेच. हा खटला १३ फेब्रुवारी १७८८ ला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये उभा राहिला. बर्कचं सुरुवातीचं भाषणच चार दिवस चाललं, आणि ते ऐकताना प्रेक्षकांतल्या बायका भोवळ येऊन पडल्या म्हणतात. हेस्टिंग्जने बंगालमध्ये आपल्याविरुद्ध तक्रार करणाऱ्या नंदकुमारला न्यायाधीश इम्पेच्या हातून ठार मारवलं, असं बर्क एकदा आवेशात बोलला. हा आरोप खटल्यात नव्हताच. शेवटी मे १७८९ मध्ये त्याच्याच हाउस ऑफ कॉमन्सने ठराव करून, हे शब्द उच्चारायला नको होते, अशी त्याला समज दिली. म्हणजे फिर्याद देणाऱ्यांनी आपल्याच वकिलाचे कान उपटले. १७९५ मध्ये, सात वर्षांनी, हेस्टिंग्ज निर्दोष सुटला. तो सुटण्याची कारणं अनेक होती. पण बर्कच्या भाषेने हेस्टिंग्जलाच सहानुभूती मिळवून दिली, हे त्यातलं एक नक्की असावं.

आणि मग आली फ्रेंच राज्यक्रांती. नोव्हेंबर १७९० मध्ये बर्कचं क्रांतीवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं. समाज हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या सवयींनी, आपुलकीने, लहानलहान नात्यांनी विणलेला असतो. कोणीतरी कागदावर तत्त्वं मांडून तो नव्याने उभारू बघेल, तर आधी रक्तपात होईल आणि शेवटी एखादा लोकप्रिय सेनापती सगळं ताब्यात घेईल. हे सगळं त्याने १७९० साली लिहिलंय! राजाचा शिरच्छेद झाला १७९३ मध्ये, नेपोलियनने सत्ता घेतली १७९९ मध्ये, बर्कच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. पण त्याच पुस्तकात त्याने सामान्य लोकांच्या घोळक्याला डुकरांची उपमा दिली आणि ती त्याला आयुष्यभर चिकटली. टॉमस स्पेन्स नावाच्या एका जहाल माणसाने १७९३ मध्ये आपल्या नियतकालिकाचं नावच 'पिग्ज मीट' ठेवलं, म्हणजे डुकरांचं खाणं. एका शब्दाने शत्रूला आयता झेंडा मिळतो तो असा.

डिसेंबर १७९२ मध्ये तर कहर झाला. परदेशी लोकांवर नजर ठेवण्याच्या विधेयकावर बोलताना बर्कने कोटातून एक खंजीर काढला आणि सभागृहाच्या जमिनीवर फेकला. इंग्लंडमध्ये असे हजारो खंजीर बनवायला दिले आहेत, हे त्याला दाखवायचं होतं. क्षणभर शांतता. मग शेरिडनने विचारलं म्हणतात, सुरी आणलीस, काटा कुठे आहे? सगळं सभागृह हसलं. व्यंगचित्रकार गिलरेने त्यावर लगेच चित्र काढलं.

पण मला खरं सांगायचंय ते चार्ल्स जेम्स फॉक्सबद्दल.

फॉक्स बर्कहून वीस वर्षांनी लहान. श्रीमंत घरातला, जुगारी, दारूत बुडालेला, वागणुकीच्या बाबतीत बर्कच्या अगदी उलट टोक. बर्क एकपत्नी, मुलावर जीव टाकणारा गृहस्थ. तरीही दोघांची विलक्षण मैत्री होती. अमेरिकेच्या प्रश्नावर दोघं एकत्र लढले, १७८३ चं इंडिया बिल दोघांचं, हेस्टिंग्जचा खटलाही दोघांचा. फॉक्स उघडपणे सांगायचा की आजवर वाचलेली सगळी पुस्तकं एका पारड्यात आणि बर्कचा सहवास दुसऱ्या पारड्यात टाकला, तर जास्त शिकवलं कशाने हे मला ठरवता येणार नाही.

क्रांतीने दोघांची वाट फुटली. फॉक्सला बास्तीय पडला याचा मनापासून आनंद झाला होता. १७९० मध्येच बर्कने शेरिडनशी भर सभागृहात राजकीय संबंध तोडून टाकले होते, पण फॉक्सशी निभावलं होतं. १७९१ च्या एप्रिलमध्ये फॉक्सने फ्रान्सच्या नव्या राज्यघटनेची तोंडभरून स्तुती केली आणि बर्कला उत्तर द्यायची संधी मिळाली नाही. तरीही त्यानंतर काही दिवसांनी फॉक्स त्याच्याकडे गेला होता आणि दोघं बरोबरच सभागृहात आले होते.

६ मे १७९१. चर्चा होती कॅनडातल्या क्वेबेकच्या कारभाराची. बर्क उठला आणि फ्रान्सवर बोलू लागला. त्याच्याच पक्षाचे लोक मागून 'ऑर्डर, ऑर्डर' ओरडू लागले. फॉक्सनेही टोमणा मारला की आजचा दिवस कोणी कोणाविरुद्ध काहीही बोलायला मोकळा दिसतोय. एवढंच नाही, बर्कला विषयावर आणण्याच्या ठरावाला त्याने अनुमोदन दिलं आणि बर्कची जुनी वाक्यं काढून त्यालाच ऐकवली. (म्हणजे दोष एकट्या बर्कचा नव्हता, हेही नोंदवायला हवं.) बर्क उत्तर देता देता म्हणाला की या वयात शत्रू वाढवणं किंवा मित्र गमावणं शहाणपणाचं नाही, पण इलाज नाही. फॉक्स बसल्या जागेवरून हळूच म्हणाला, यात मैत्री जायचं काही कारण नाही. बर्क म्हणाला, आहे. मला माझ्या वागण्याची किंमत ठाऊक आहे. मी माझं कर्तव्य केलं आहे आणि आपली मैत्री संपली आहे.

फॉक्स उठला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि काही वेळ त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. साऱ्या सभागृहासमोर. मग पंचवीस वर्षांची ओळख, लहानपणापासून मिळालेलं शिक्षण, सगळं त्याने बोलून दाखवलं. बर्क बधला नाही. गंमत म्हणा की दुर्दैव, पण हेस्टिंग्जच्या खटल्यात दोघंही फिर्यादी पक्षातच राहिले. एका बाजूला उभे, पण मित्र म्हणून नव्हे.

१७९४ मध्ये बर्कचा एकुलता एक मुलगा रिचर्ड गेला आणि तो पार खचला. १७९७ च्या उन्हाळ्यात तो अंथरुणाला खिळला, तेव्हा फॉक्सने भेटायची इच्छा कळवली. उत्तर बर्कच्या बायकोने लिहिलं. आशय असा की आपल्या चौकशीबद्दल आभार. जुनी मैत्री तोडताना त्यांना अतिशय यातना झाल्या, पण तो त्याग त्यांना आवश्यक वाटला, आणि त्यांची तत्त्वं आजही तीच आहेत. भेट झाली नाही. ९ जुलै १७९७ ला बर्क गेला. बातमी ऐकून फॉक्स रडला. बर्कला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये सार्वजनिक इतमामाने पुरावं, असं त्यानेच सुचवलं. पण बर्कने मृत्युपत्रात साधेपणाने बीकन्सफील्डलाच पुरायला सांगितलं होतं, आणि तसंच झालं.

आता मला पडलेला प्रश्न असा. बर्कचं सगळं तत्त्वज्ञान काय होतं? की माणसाची नाती, सवयी, आपुलकी या गोष्टी कोरड्या तत्त्वांपेक्षा मोठ्या आहेत. कायद्यांपेक्षा रीतभात महत्त्वाची आहे, हे त्याने आयुष्याच्या अखेरीला लिहून ठेवलं. आणि त्याच माणसाने पंचवीस वर्षांचं नातं कशासाठी मोडलं? तर एका तत्त्वासाठी. पुस्तकात तो ज्या फ्रेंच लोकांना नावं ठेवत होता, त्यांच्याच रीतीने तो वागला. उलट फॉक्स! नव्याचा भोक्ता, क्रांतीवर भाळलेला, आचरणाने सैल. पण मतं काहीही असोत, मैत्री राहू दे, असं म्हणणारा त्या दिवशी तोच होता. जुनं ते जपू या, हे बर्कने लिहिलं, पण निदान त्या मैत्रीपुरतं ते आचरणात आणू पाहिलं फॉक्सने.

याला कोणी ढोंग म्हणेल. मला ते पटत नाही. ढोंगी माणूस किंमत मोजत नाही, बर्कने मोजली, आणि आपण काय मोजतोय हे त्याला माहीत होतं. दुसरं म्हणजे, तो संताप एकच होता. ज्या आगीने फॉक्सला भाजलं, त्याच आगीमुळे तो अवधच्या बेगमा आणि बनारसचा राजा चेतसिंग यांच्यासाठी वर्षानुवर्षं भांडला. आशियात राज्य करताना नीतीचे नियम वेगळे असतात, हे म्हणणं त्याने भर लंडनमध्ये धुडकावून लावलं. त्यातून त्याला काहीही मिळणार नव्हतं. थंड डोक्याच्या, सभ्य, मृदू बोलणाऱ्या इंग्रजांची तेव्हा काही कमी नव्हती, पण हिंदुस्थानासाठी त्यांच्यातल्या फारच थोड्यांची झोप उडाली. मग बर्कचा राग आपल्याला फक्त हेस्टिंग्जपुरता हवा आणि फॉक्सपुरता नको, असं कसं म्हणता येईल?

तरीही मी म्हणतो. कारण फरक आहे. हेस्टिंग्जवरचा राग दुबळ्यांच्या वतीने होता, सत्ताधीशावर होता. फॉक्सवरचा राग मित्रावर होता, आणि तोही मित्राने काही केलं म्हणून नव्हे, त्याचं मत वेगळं होतं म्हणून. फ्रान्सबद्दल बर्क बऱ्याच अंशी बरोबर ठरला हे खरं. पण मैत्री तोडल्याने फ्रान्समधला एकही माणूस वाचला नाही. फॉक्सचं मत बदललं नाही, आणि बर्कचं भाकीत फॉक्सला भेटल्याने खोटं पडलं नसतं. मरताना दहा मिनिटांची भेट... तिने कोणत्या तत्त्वाला धक्का लागणार होता?

पुढे आपल्याकडे कॉलेजांतून बर्क शिकवला गेला. नामदार गोखल्यांसारख्या नेमस्तांनी त्याच्याकडून सावकाश, पायरी-पायरीने सुधारणा करण्याचा विचार घेतला, पण त्याचा संताप घेतला नाही. गोखले कौन्सिलमध्ये बोलायचे ते आकडे हातात घेऊन आणि प्रतिपक्षाचा मान राखून. बर्कला जो स्वभाव शोभला असता, तो गोखल्यांकडे होता, असं मला वाटतं. त्यासाठी त्यांना भेकडही म्हणवून घ्यावं लागलं, ही त्याची किंमत.

हे सगळं आज आठवण्याचं कारण तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्या सगळ्यांच्याच घरात गेल्या काही वर्षांत राजकारणावरून अबोले झालेत. लग्नकार्यात कोण कोणाच्या पंगतीला बसणार नाही, हे आता मतांवर ठरतं. परंपरेचा अभिमान सांगणारेही यात आहेत आणि पुरोगामी म्हणवणारेही. कोणीही बर्कइतका थोर नाही, पण त्याची ही एक खोड मात्र सगळ्यांनी उचललीय. मला वाटतं, जो स्वतःला परंपरा जपणारा म्हणवतो, त्याच्यावर इथे जरा जास्तच जबाबदारी येते. मामा-भाचा, जुने शाळासोबती, शेजार, हीच तर ती परंपरा. देवळं आणि ग्रंथ जपायला सरकार आहे, ट्रस्ट आहेत. ही नाती जपायला आपल्याशिवाय कोणी नाही.

असो. बर्क वाचा जरूर, अजून वाचण्यासारखा आहे. फक्त वाचताना त्या बाकावरून हळूच बोलणाऱ्या फॉक्सचाही आवाज ऐकू येतोय का, ते बघा.